लाईट मारली म्हणजे सगळं ऑप्टोजेनेटिक्स नसतं

ऑप्टोजेनेटिक्स आणि फोटोफार्माकॉलॉजी, दोन्हीकडे मेंदूच्या पेशींवर लाईट मारतात, म्हणून लोक सरसकट ऑप्टोजेनेटिक्स म्हणून मोकळे होतात. रत्नागिरीत बीफार्म करणारा माझा भाचापण त्यातलाच, त्याला म्हटलं अरे, फोटोफार्माकॉलॉजी हे तर तुझं खातं! बघायचं एवढंच, की लाईट ओळखतं कोण.

ऑप्टोजेनेटिक्समध्ये ओळखतं ते शेवाळाचं प्रोटीन. पावसात भाताच्या खाचरातलं हिरवट पाणी ग्लासात घेऊन खिडकीत ठेवा, बरेचदा हिरवा रंग उजेडाच्या अंगाला गोळा होतो, कारण त्यातली एकपेशीय शेवाळं पोहत तिकडे जातात. क्लॅमिडोमोनास हे अशांपैकीच, आणि त्याचं चॅनेलरोडॉप्सिन निळ्या उजेडात उघडून सोडियमसारखे आयन आत सोडतं. त्याचा जीन व्हायरसमार्फत न्यूरॉनमध्ये, म्हणजे मेंदूच्या पेशीत, घातला की 470 नॅनोमीटरच्या आसपासच्या लाईटने तो न्यूरॉन फायर होतो, म्हणजे सिग्नल सोडतो, बॉयडन-डायसेरॉथ या शास्त्रज्ञ मंडळींनी 2005 मध्ये हे दाखवलं. पण यात त्या न्यूरॉनवरचे ग्लुटामेट, गाबा या मेंदूतल्या निरोप्या रसायनांचे रिसेप्टर (ती रसायनं जिथे बसतात ती प्रोटीनं) बाजूलाच राहिले ना! म्हणजे कुठला न्यूरॉन काय करतो ते कळेल, कुठला रिसेप्टर काय करतो ते नाही.

फोटोफार्माकॉलॉजीत लाईट ओळखतो औषधाचा रेणू. त्यात बहुतेक वेळा अॅझोबेंझीन असतं, अगदी अडकित्त्यासारखं, अंधारात लांब उघडं, 360-380 नॅनोमीटरच्या अल्ट्राव्हायोलेटने दुमडतं, निळ्या-हिरव्या लाईटने परत उघडतं. एका आकारात रेणू रिसेप्टरवर नीट बसतो, दुसऱ्यात नाही. जीन घालायची भानगड नाही, मेंदूच्या स्लाइसवर औषध सोडा आणि कामाला लागा. पण ते पसरतं सगळीकडे, अमुकच जातीच्या पेशी निवड म्हटलं तर जमत नाही, शिवाय अल्ट्राव्हायोलेट टिश्यूत खोल जात नाही आणि पेशींना सोसतही नाही.

(केज्ड ग्लुटामेट, म्हणजे रासायनिक पिंजऱ्यात कोंडलेलं ग्लुटामेट, यात धरू नका, ते उजेडाने एकदा तुटलं की तुटलं, परत बंद होत नाही.)

मग 2006 मध्ये आयसकॉफ आणि ट्राउनर यांच्या टीमने दोन्हींची मोट बांधली, ग्लुटामेट रिसेप्टरमध्ये जीनमधून एक सिस्टीन (प्रोटीनमधलं एक अमिनो आम्ल) घातलं आणि त्याला अॅझोबेंझीनवाला ग्लुटामेट कायमचा चिकटवला. याला कुठल्या खात्यात टाकायचं यावर खुशाल भांडा, मी तरी फोटोफार्माकॉलॉजीत टाकेन, कारण लाईट ओळखणारा भाग औषधाचाच आहे.

माणसांचं म्हणाल तर रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजाराने दृष्टी गेलेल्या एका पेशंटला ऑप्टोजेनेटिक्सने, खास गॉगल लावून, थोडंफार दिसायला लागल्याचं 2021 मध्ये छापून आलं. डोळ्यात उजेड आपोआप पोचतो, मेंदूत खोलवर न्यायचा तर उजेड नेणारी ऑप्टिकल फायबर खुपसावी लागते.