लाकडी जमीन घासून घेण्यापूर्वी हे वाचा

काम संपल्यावर आमच्याकडे सगळ्यांत जास्त येणारी तक्रार म्हणजे "पॉलिश नीट लागलं नाही". जाऊन पाहिलं, तर बहुतेक वेळा पॉलिशचा दोष नसतो. घासताना जे राहून गेलं, ते पॉलिशने उघडं पाडलेलं असतं. कोऱ्या लाकडावर न दिसणारा ओरखडा पहिला हात बसला की उठून दिसतो, आणि खिडकीतून तिरपं ऊन आलं की काही लपतच नाही. म्हणून पॉलिश लावण्याआधी आम्ही दिवा जमिनीलगत आडवा धरून सगळी खोली बघतो. तुम्हीही त्या वेळी हजर राहा.

तुमची जमीन घासता येईल का, हे आधी ठरवावं लागतं. भरीव लाकडाच्या फळ्या अनेकदा घासता येतात. प्लायवर खऱ्या लाकडाचा थर बसवलेल्या फळ्यांचं सगळं त्या थराच्या जाडीवर अवलंबून: तो 3-4 मिलिमीटर असेल तर ठीक, एक मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर आम्ही यंत्र लावत नाही. लॅमिनेटवर लाकडाचं फक्त छापील चित्र असतं, तिथे घासायला काही नसतंच.

आता ओलावा. सगळ्यांत महागात पडणारी चूक इथेच होते. फळीला खालून ओल लागली की तिची खालची बाजू फुगते, कडा वर येतात आणि फळी पन्हळीसारखी होते. अशी जमीन पाहून ग्राहक म्हणतात, "घासून सपाट करून टाका." आम्ही नाही म्हणतो. कारण आज वर आलेल्या कडा घासून टाकल्या आणि नंतर फळी वाळली, की त्या कडा मूळ पातळीच्याही खाली जातात आणि मधला भाग पोक आल्यासारखा उंच राहतो. मग पुन्हा घासणं आलं, म्हणजे आणखी लाकूड गेलं. आधी गळती शोधायची, ती थांबवायची, मग मीटरने ओलावा मोजत वाट पाहायची. कधी कधी यात काही आठवडे जातात. पुष्कळशा फळ्या या काळात आपोआप बऱ्याच सपाट होतात. या थांबण्यात आमचाही खाडा होतो, तरी आम्ही तेच सांगतो.

घासण्याची सुरुवात जाड दाण्याच्या सँडपेपरने, साधारण 40 नंबरपासून होते. मग 60, 80, शेवटी 100 किंवा 120. प्रत्येक पेपरचं काम आधीच्या पेपरचे ओरखडे काढणं. 40 वरून थेट 100 वर उडी मारली, तर 100 चा पेपर खोल चरे काढू शकत नाही, त्यांच्या फक्त वरच्या कडा गुळगुळीत करतो. हाताला काही लागत नाही, पण पॉलिश लागताच सगळं दिसतं. ड्रमचं यंत्र, म्हणजे फिरत्या ड्रमवर पेपर बसवलेलं घासण्याचं यंत्र, एका जागी थांबून फिरत राहिलं तर खड्डा पडतो, म्हणून ड्रम चालता चालताच टेकवायचा आणि चालता चालताच उचलायचा. भिंतीलगत वापरायच्या गोल फिरणाऱ्या यंत्राचे चंद्रकोरीसारखे ओरखडे उरतात. ते हाताने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासूनच जातात. फार बारीक पेपरचा आग्रह मात्र धरू नका. लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालं की रंग फिका बसतो आणि पॉलिशला धरायला जागा राहत नाही.

पॉलिश सुटून पापुद्रे निघत असतील, तर खाली बहुधा जुनं मेण किंवा सिलिकॉन असलेलं फरशी चमकवण्याचं द्रव्य असतं. पूर्वी असं काही वापरलं असेल तर आम्हाला आधीच सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही. बुडबुडे येतात ते डबा जोरात हलवल्याने, रोलर भरभर फिरवल्याने किंवा ऊन पडलेल्या तापलेल्या फळ्यांवर पॉलिश लावल्याने. पाण्याचं पॉलिश लावलं की लाकडाचे तंतू उभे राहतात आणि पहिला हात खरखरीत लागतो. हा दोष नव्हे. वाळल्यावर हलकं घासून पुढचा हात दिला की जातो. तेलाचं पॉलिश काळाबरोबर पिवळसर होतं, पाण्याचं जवळपास आहे तसं राहतं. रंगाची आवड ठरवताना हे लक्षात घ्या.

वाळणं वेगळं आणि पूर्ण कडक होणं वेगळं. दुसऱ्या दिवशी मोज्यांनी चालता येईल, पण गालिचा अंथरायला पाण्याच्या पॉलिशवर साधारण एक-दोन आठवडे आणि तेलाच्या पॉलिशवर सुमारे महिना थांबा. डब्यावर जास्त दिवस लिहिले असतील तर तेच धरा. फर्निचर सरकवू नका, उचलून ठेवा.

शेवटची गोष्ट सुरक्षिततेची. तेलाच्या पॉलिशने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकला, तर त्या स्वतःच तापून पेटू शकतात. जुन्या पॉलिशसकट निघालेला बारीक भुसा पिशवीत दाबून ठेवला तर तोही पेटू शकतो. रोज संध्याकाळी आमचा माणूस भुसा घराबाहेर झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकतो आणि चिंध्या पाण्यात बुडवतो. तो हे विसरला, तर त्याला घरी जाऊ देऊ नका.