अर्धपोटी उंदीर, त्यांचे रक्त आणि वार्धक्य

जीवनसत्त्वे आणि क्षार पुरेसे देऊन केवळ उष्मांक कमी केले, तर प्राणी अधिक जगतात, हे कॉर्नेल विद्यापीठातील क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ मध्ये रॅट जातीच्या उंदरांवर दाखवले. माउस जातीच्या लहान आकाराच्या उंदरांतही पुढे तेच आढळले. मात्र अन्न कमी मिळाल्याची वर्दी स्नायूंपर्यंत आणि यकृतापर्यंत कोण पोहोचवते, हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित राहिला.

अशा उंदरांच्या रक्तात ग्लुकोज आणि इन्सुलिन कमी होते, तर उपासाच्या काळात चरबीपासून बनणारी कीटोन द्रव्ये वाढतात. यावरून साखर उतरली म्हणून आयुष्य वाढले, असे म्हणण्याचा मोह होतो. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या तर्काला चांगलाच धक्का दिला. आनुवंशिक विविधता असलेल्या ९६० माद्यांपैकी पोटभर खाणाऱ्या सरासरी २५ महिने, तर ४० टक्के कमी उष्मांक मिळालेल्या ३४ महिने जगल्या. परंतु रक्तशर्करा किंवा वजन किती घटले, यावरून कोण अधिक जगेल हे सांगता येत नव्हते. उलट, तोच तुटपुंजा आहार घेऊनही ज्यांचे वजन टिकले, त्या अधिक जगल्या, आणि आहारापेक्षा आनुवंशिकतेचा प्रभाव मोठा ठरला.

त्याच वर्षी चीनमधील श्यामेन विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. अर्धपोटी उंदरांच्या रक्तातील सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, त्यांनी पेशींवर टाकले, तेव्हा ऊर्जेची चणचण ओळखणारे एएमपीके हे विकर (एन्झाइम) त्या पेशींत जागे झाले. सीरम तापवल्यावरही हा गुण टिकला, म्हणजे तो प्रथिनांचा नसून उष्णतेला न जुमानणाऱ्या एखाद्या लहान रेणूचा असावा. सुमारे १,२०० द्रव्ये तपासल्यावर लिथोकोलिक आम्ल हाती लागले. गंमत अशी की, ते अन्नातील पोषकद्रव्य नव्हेच. पित्तातील आम्लावर आतड्यातील जिवाणू प्रक्रिया करतात, तेव्हा ते तयार होते. हे आम्ल महिनाभर पाण्यातून दिल्यावर म्हाताऱ्या उंदरांची पकड आणि धावण्याची क्षमता सुधारली, माश्या आणि सूत्रकृमी अधिक जगले. उंदरांच्या आयुर्मानातील वाढ मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतकी ठोस नव्हती. शिवाय जास्त मात्रेत हे आम्ल यकृताला घातक असल्याचे पूर्वीपासून माहीत आहे.