किशोरवयीन मुले आणि ऑनलाइन अश्लील चित्रफिती (खानदेश)

लैंगिक उत्तेजना एवढाच हेतू ठेवून तयार केलेली छायाचित्रे, चित्रफिती, कथा व ध्वनिफिती इंटरनेटवर विनामूल्य आणि वयाची कसलीही पडताळणी न होता मिळू लागल्यामुळे किशोरवयीन, म्हणजे साधारणपणे १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींवर जे परिणाम होतात, त्यांचा विचार या नोंदीत जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. या विषयावरील बहुतेक संशोधन युरोप-अमेरिकेत झालेले असून तेथील निष्कर्ष तापीच्या खोऱ्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. येथे अनेक घरांत एकच फोन चौघांच्या हातांतून फिरतो, मुलाला स्वतःचा फोन बहिणीच्या कितीतरी आधी मिळतो आणि लैंगिक शंका विचारता येईल असे मोठे माणूस घरात सहसा नसते. या तीन गोष्टींमुळे परिणामांचे स्वरूप आणि मुख्य म्हणजे त्यांची वाटणी बदलते.

प्रसार : अश्लील चित्रणाचे आकर्षण खानदेशात मोबाईलबरोबर आले असे मानणे चुकीचे आहे. व्हिडिओ सेंटरमधील रात्रीचे खेळ, भाड्याने मिळणाऱ्या सीडी, जळगाव-भुसावळसारख्या शहरांतील पडदे लावलेले सायबर कॅफे आणि बाजाराच्या दिवशी मोबाईल दुकानातून गाण्यांबरोबर ‘भरून’ मिळणारी मेमरी कार्डे अशा पायऱ्यांनी ते पसरत आले होते. मात्र त्या प्रत्येक पायरीवर पैसे, ओळख आणि कोणीतरी पाहील ही धास्ती असे तीन अडसर होते, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ते बहुधा पुरेसे ठरत. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले आणि हे तिन्ही अडसर जवळजवळ एकदमच गळून पडले. अहिराणी गाणी आणि विनोदी चित्रफिती पाहण्यासाठी घरात घेतलेला फोन मुलांच्या हाती खेळू लागला. मार्च २०२० पासून करोनामुळे शाळा बंद झाल्यावर तर अभ्यासासाठी म्हणून पालकांनी स्वतःहून तो त्यांच्या हाती दिला. सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुवा भागातील अनेक पाड्यांवर तेव्हा रेंजच नसल्यामुळे ऑनलाइन वर्ग पोहोचले नाहीत. चित्रफिती मात्र मेमरी कार्डावरून आणि फोन-टू-फोन पाठवणीतून तेथेही पोहोचत राहिल्या. उसाच्या तोडीसाठी दक्षिण गुजरातेत स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील जी मुले आजी-आजोबांजवळ राहतात, त्यांच्याकडे संपर्कासाठी फोन असतो, पण त्यात काय चालले आहे हे कळणारे कोणी जवळ नसते.

ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयोगटाच्या पाहणीवर आधारलेल्या ‘असर २०२३’ अहवालानुसार सुमारे ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन होता; तो वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्के जणांकडे स्वतःचा फोन होता, तर मुलींत हे प्रमाण १९.८ टक्के होते. पुढील विवेचनात हा फरक वारंवार उपयोगी पडेल.

पहिला संपर्क : पुष्कळ मुलांच्या बाबतीत पहिला संपर्क शोधून झालेला नसतो. अमेरिकेतील १३ ते १७ वयाच्या मुलांच्या २०२२ मधील एका पाहणीत ७३ टक्के मुलांनी असे चित्रण पाहिल्याचे सांगितले आणि निम्म्याहून अधिक मुलांना ते अनवधानाने दिसले होते. इंग्लंडच्या बाल आयुक्तांच्या जानेवारी २०२३ च्या अहवालात पहिल्या दर्शनाचे सरासरी वय १३ आढळले आणि खास अश्लील संकेतस्थळांपेक्षा समाजमाध्यमांवर, त्यातही ट्विटरवर, ते अधिक मुलांना भेटले होते. आपल्याकडे वाटा थोड्या निराळ्या आहेत. चोरून दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांच्या आणि फुकट क्रिकेटच्या संकेतस्थळांवरील जाहिराती, क्लासच्या किंवा गल्लीतील गणेश मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात आलेली क्लिप, इन्स्टाग्रामवरील रीलखालून टेलिग्रामकडे नेणारा दुवा, या त्यांतील नेहमीच्या. शिवाय पाहणे अनेकदा एकट्याचे नसते. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, वसतिगृहात, क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला चार-पाच मुले एका पडद्यावर वाकलेली असतात. अशा वेळी घृणा वाटलेला मुलगाही ती दाखवत नाही, कारण मित्रांच्या हसण्याची भीती पडद्यावरच्या दृश्याहून मोठी असते. घरी बंद दाराआड एकट्याने पाहणाऱ्या मुलांवर आधारलेल्या परदेशी अभ्यासांतून हा अनुभव नीट उमटत नाही.

मनावर व समजुतींवर होणारे परिणाम : नेदरलँड्समधील जोखेन पीटर व पॅटी वॉल्केनबर्ग यांनी १९९५ ते २०१५ या वीस वर्षांतील संशोधनाचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. अश्लील साहित्य पाहणाऱ्या किशोरांत लैंगिक संबंधांविषयी अधिक मोकळी मते आणि स्त्री-पुरुषांच्या भूमिकांविषयी अधिक साचेबद्ध कल्पना आढळतात, तसेच लैंगिक आक्रमकतेशीही त्याचा संबंध दिसतो, असे त्यांना आढळले. परंतु पाहिल्यामुळे वृत्ती बदलते की तशी वृत्ती असलेली मुले अधिक पाहतात, याचा निर्णय बहुतेक अभ्यासांतून होत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. वर्तमानपत्री लेखांत आणि व्याख्यानांत या आढाव्याचा पूर्वार्ध तेवढा ऐकायला मिळतो.

कार्यकारणाबद्दल अशी सावधगिरी बाळगूनही काही गोष्टी म्हणता येतात. या चित्रणात संमती विचारली जात नाही, नकार हा होकाराचाच एक प्रकार म्हणून दाखवला जातो, निरोध क्वचित दिसतो आणि मारणे, गळा आवळणे, अपमान करणे यांना सुखाचा भाग ठरवले जाते. वर उल्लेखिलेल्या इंग्लंडमधील अहवालात १८ वर्षांच्या आत हिंसक स्वरूपाचे चित्रण पाहिलेल्या तरुणांचे प्रमाण ७९ टक्के होते. ज्या मुलाला या विषयाची दुसरी कोणतीही माहिती नाही, तो हा अभिनय आणि हे संकलन प्रत्यक्षाचे वर्णन समजून बसतो. आपले शरीर, आपली क्षमता आणि पुढे होणाऱ्या पत्नीचे वागणे यांविषयीच्या त्याच्या अपेक्षा तेथूनच ठरतात. दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात मानवी प्रजननाचा पाठ आहे. पण तो अंतःस्रावांचा आणि अवयवांचा पाठ आहे. इच्छा, लाज, नकार, भीती यांतले त्यात काही नाही, आणि असे म्हणतात की पुष्कळ वर्गांत तोही ‘घरी वाचून या’ म्हणून सोडला जातो. घरी अहिराणी, लेवा बोली, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला या विषयासाठी एकीकडे पुस्तकी शब्द आणि दुसरीकडे शिव्या एवढेच उपलब्ध असतात.

व्यसनाविषयी मात्र फार सैल बोलले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या, जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या रोगवर्गीकरणात (आयसीडी-११) अनिवार लैंगिक वर्तनाच्या विकाराची नोंद आहे, पण ती व्यसनांच्या नव्हे तर आवेगनियंत्रणाच्या विकारांच्या गटात आहे. आणि केवळ नैतिक अपराधभावातून होणारा मनस्ताप हा या निदानाला पुरेसा आधार नाही, असे तेथे मुद्दाम नमूद केलेले आहे. खानदेशातील मुलांच्या बाबतीत ही तळटीप मूळ व्याख्येइतकीच महत्त्वाची ठरते. झोप उडणे, अभ्यासावरून लक्ष उडणे, ठरवूनही थांबता न येणे अशा खऱ्या तक्रारी असतातच. परंतु मदत मागणाऱ्या अनेक मुलांचा मूळ त्रास ‘धातू’ म्हणजे वीर्य गेल्याने आपण कायमचे दुबळे झालो, या भीतीचा असतो. मनोविकारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ज्याला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले, तीच ही भारतीय उपखंडातील जुनी चिंता होय. एसटी स्थानकांच्या आणि रेल्वे फाटकांच्या भिंतींवरील ‘गुप्तरोग’वाल्या जाहिराती तिच्यावरच जगतात. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे, हे त्या भिंती वाचून कोणाच्या लक्षात येणार नाही. फोनवर चित्रफिती पाहणारा आजचा मुलगा आणि भिंतीवरची जाहिरात वाचणारा त्याचा बाप यांच्या मनातील भीती पुष्कळदा एकच असते.

मुलींवरील परिणाम : पाहणारे बहुतांशी मुलगे असले तरी परिणामांचा मोठा भार मुलींवर पडतो. तो तीन प्रकारे पडतो. एक तर पडद्यावर शिकलेले वागणे शाळेच्या वाटेवर, बसमध्ये आणि पुढे लग्नाच्या पहिल्या दिवसांत त्यांना सोसावे लागते. जेथे मुलीचे लग्न अठराच्या आत उरकले जाते, तेथे हे सोसणारी वधू स्वतःच किशोरवयीन असते. दुसरे म्हणजे त्यांचीच छायाचित्रे या साहित्याचा भाग होतात. विश्वासाने पाठवलेला फोटो, व्हिडिओ कॉलचे परस्पर केलेले रेकॉर्डिंग किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनातील साध्या छायाचित्राला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने दिलेले नग्न रूप, यांपैकी काहीही धमकावण्याला पुरते. जळगावला या बाबतीत जुनी जखम आहे: मुलींचे लैंगिक शोषण करून अश्लील छायाचित्रांच्या धाकाने त्यांना गप्प ठेवल्याचे प्रकरण १९९४ मध्ये तेथे उघडकीस आले आणि राज्यभर गाजले, पण बदनामीच्या भीतीने अनेक मुली तक्रारीला पुढे आल्याच नाहीत. तेव्हा कॅमेरा थोड्यांच्या हाती होता.

तिसरा परिणाम सर्वांत कमी नोंदला जातो. मुलाच्या फोनमध्ये असे काही सापडले तर त्याला रागावले जाते, फार तर फोन आठवडाभर काढून घेतला जातो. मुलीच्या फोनवर एखाद्या अनोळखी क्रमांकावरून क्लिप आली, तरी फोन जातो, क्लास बंद होतो आणि ‘स्थळ पाहायला’ सुरुवात होते. साहजिकच मुली आलेली धमकी घरी सांगत नाहीत, आणि धमकावणाऱ्याची सगळी मदार नेमकी यावरच असते.

मुलगे यातून सुटतात असे नव्हे. अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल, पलीकडे विवस्त्र दृश्य, लगेच आलेले रेकॉर्डिंग आणि ‘नातेवाइकांना पाठवू’ म्हणून पैशांची मागणी, हा फसवणुकीचा प्रकार महाविद्यालयीन मुलांत पुष्कळ ओळखीचा झाला आहे.

कायदा : प्रौढांचे अश्लील चित्रण खासगीत पाहणे हा भारतात स्वतंत्र गुन्हा नाही. ते प्रसारित करणे मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६७ व ६७ अ खाली गुन्हा आहे. आणि १८ वर्षांखालील व्यक्तीचे असे चित्रण बनवणे, शोधणे, पाहणे, उतरवून घेणे वा पुढे पाठवणे यांसाठी कलम ६७ ब खाली पहिल्या अपराधाला पाच वर्षांपर्यंत कैद व दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा ‘पोक्सो’ कायदाही येथे लागतो. त्याच्या कलम ११ नुसार लैंगिक हेतूने बालकाला अश्लील चित्रण दाखवणे हा लैंगिक छळ आहे. बालकांचे असे चित्रण नुसते बाळगण्याबाबत असलेला संभ्रम सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात, तेही गुन्हा ठरू शकते असे स्पष्ट करून, दूर केला आणि त्याच निकालात सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरजही सांगितली. वर्गातील मुलीची क्लिप गंमत म्हणून पुढे ढकलणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला आपण या कलमांत बसतो याची कल्पनाही नसते; त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, पण जाते.

संकेतस्थळे बंद करण्याचे प्रयोग फारसे टिकले नाहीत. जुलै २०१५ च्या अखेरीस केंद्राने ८५७ संकेतस्थळे रोखण्याचा आदेश दिला आणि काही दिवसांतच तो सैल केला; २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ संकेतस्थळे रोखली गेली. त्यांची जागा नव्या पत्त्यांनी घेतली, आणि रोखलेली संकेतस्थळेही उघडून देणारे व्हीपीएन कसे वापरावे हे शाळकरी मुलांनाही ठाऊक झाले. ब्रिटनने २५ जुलै २०२५ पासून अशा संकेतस्थळांना वयाची खरी पडताळणी सक्तीची केली आहे. एकाच फोनवर बापाचे सिमकार्ड, भावाचे खाते आणि धाकट्याचा अभ्यास चालतो तेथे अशी पडताळणी नेमकी कोणाचे वय मोजील, हा आपल्याकडचा वेगळाच प्रश्न आहे.

शिक्षण व मदत : मराठीत लैंगिक शिक्षणाची चर्चा नवी नाही, र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले. तरीही केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम २००७ मध्ये वादात सापडला तेव्हा तो नाकारणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. म्हणजे स्वस्त डेटा येण्याच्या आधीची नऊ-दहा वर्षे, जी तयारीसाठी वापरता आली असती, ती अशीच गेली. पुढे जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, आणि २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात इंटरनेटच्या सुरक्षित वापराचा विषय समाविष्ट झाला. किशोरांसाठीची समुपदेशन केंद्रे महाराष्ट्रात ‘मैत्री’ या नावाने शासकीय रुग्णालयांत चालतात. धुळे, जळगाव व नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत.

तातडीच्या मदतीसाठी चाइल्डलाइन १०९८, सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ हे क्रमांक उपलब्ध आहेत. १८ वर्षांखालील व्यक्तीचे नग्न छायाचित्र पसरण्याचा धोका असेल, तर ‘टेक इट डाउन’ या विनामूल्य सेवेद्वारे ते छायाचित्र कोणालाही न पाठवता त्याची अंकीय खूण नोंदवता येते आणि सहभागी समाजमाध्यमे त्यावरून ते काढून टाकतात. धमकीचे संदेश घाबरून पुसू नयेत, पैसे देऊ नयेत. तक्रारीला लागणारा पुरावा त्या संदेशांतच असतो. शिक्षकांनी आणि समुपदेशकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे बालकाविरुद्धच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, त्यामुळे ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मुलाला आधी देऊन ठेवता येत नाही, काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही, हे बोलणे सुरू होण्यापूर्वीच त्याला सांगावे लागते.