पोरवयातली अंडाशयाची गाठ : पार्श्वभूमी

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचं पोट दोन-तीन आठवड्यांत वाढलेलं दिसतं. घरात आधी गॅस म्हणतात, मग जंत, मग पाळीचं काहीतरी. शेवटी कुणीतरी नको तो संशय घेतं. त्यात लघवीची गर्भचाचणी केली आणि ती पॉझिटिव्ह आली, तर त्या पोरीवर काय ओढवतं ते वेगळं सांगायला नको. पण अंडाशयातल्या काही विरळ गाठी एचसीजी हे गर्भारपणातलं संप्रेरक स्वतःच तयार करतात. चाचणी खोटं बोलत नाही, तरी पोटात गर्भ नसतो. सोनोग्राफी केली की गाठ दिसते. म्हणून आधी सोनोग्राफी करावी, जाब नंतर विचारावा, असं मला अगदी कळकळीनं सांगावंसं वाटतं.

पोट वाढलं म्हणजे बाळ, हा समज जुना आहे. १८०९ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जेन टॉड क्रॉफर्ड या बाईंचं पोट असंच वाढलं. दिवस भरून गेले तरी सुटका होईना, म्हणून डॉक्टर इफ्रेम मॅक्डॉवेल यांना बोलावणं गेलं. बाळ नाही, अंडाशयाची गाठ आहे, असं त्यांनी तपासून सांगितलं. क्रॉफर्डबाई घोड्यावर बसून साठ मैल दूर डॅनव्हिलला त्यांच्या घरी आल्या. भुलीचं औषध तेव्हा नव्हतं. बाई स्तोत्रं म्हणत राहिल्या आणि मॅक्डॉवेल यांनी सुमारे पंचवीस मिनिटांत जवळपास दहा किलोची गाठ बाहेर काढली. बाई त्यानंतर बत्तीस वर्षं जगल्या. अंडाशयातली गाठ कापून काढता येते आणि बाई जगते, हे तिथून वैद्यकाला उमगलं. त्यांची गाठ पसरणारी नव्हती. पसरणाऱ्या गाठीसाठी नुसती सुरी पुरत नाही, आणि ती कोंडी फुटायला पुढची दीडशेहून जास्त वर्षं गेली.

अंडाशयाचा कर्करोग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पन्नाशी-साठीच्या बाया येतात. नेहमी आढळणारा प्रकार त्याच वयातला. मुलींमध्ये आणि तरुण बायकांमध्ये होणारा प्रकार निराळा, तो जननपेशींपासून निघतो. पाश्चात्त्य देशांत अंडाशयाच्या सगळ्या कर्करोगांत त्याचं प्रमाण दोन ते पाच टक्क्यांच्या आसपास आहे. केस, दात सापडणारी ‘डरमॉइड’ गाठही जननपेशींचीच, पण ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. ती सोनोग्राफीत दिसली म्हणून कुणी घाबरून जाऊ नये.

या जननपेशींची जन्मकथा सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ज्या पेशींपासून पुढे स्त्रीबीज किंवा शुक्राणू व्हायचे, त्या गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत पीतकपिशवीच्या (गर्भाला जोडलेली छोटी पिशवी, इंग्रजीत ‘योक सॅक’) भिंतीत दिसतात. तिथून त्या आतड्याच्या कडेकडेनं सरकत, अंडाशय किंवा वृषण जिथं घडायचं तिथं येऊन ठरतात. मुलगा असो वा मुलगी, सुरुवात तीच आणि वाटही तीच. कोणत्याही अवयवाचं रूप घेण्याची क्षमता या पेशींत असते, त्यामुळे त्या बिघडल्या की त्यांच्यापासून निघणाऱ्या गाठीही नाना रूपांच्या होतात.

पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांना ही रूपं ओळखायलाच अर्धं शतक लागलं. बर्लिनच्या रॉबर्ट मायर यांनी १९३१ मध्ये त्यांतल्या एकीला ‘डिसजर्मिनोमा’ हे नाव दिलं. ही गाठ वृषणात होणाऱ्या सेमिनोमा या गाठीची हुबेहूब बहीण आहे. १९३९ मध्ये वॉल्टर शिलर यांनी दुसरी, फार आक्रमक गाठ वर्णन केली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना मधोमध एक बारीक रक्तवाहिनी, तिच्याभोवती पेशींचं आवरण, मग पोकळी आणि पुन्हा पेशींची कड, अशी रचना दिसली. मूत्रपिंडातल्या गाळणीसारखी ती दिसत होती, म्हणून गर्भाच्या आदिम मूत्रपिंडापासून ही गाठ निघत असावी, असं त्यांनी मानलं.

इथं कोपनहेगनचे गुन्नार टायलम येतात. या सगळ्या कथेत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यांचं काम. अंडाशयाच्या आणि वृषणाच्या गाठी ते शेजारी शेजारी ठेवून पाहत. शिलर यांनी टिपलेली रचना टायलम यांना उंदराच्या वारेत ओळखीची वाटली. फ्रान्सचे माथियास द्युव्हाल यांनी एकोणिसाव्या शतकातच तिचं वर्णन करून ठेवलं होतं. मूत्रपिंडाशी तिचा काहीएक संबंध नव्हता, ती पीतकपिशवीची रचना होती. १९५९ मध्ये टायलम यांनी हे सविस्तर मांडलं आणि तीच गाठ वृषणातही होते हे दाखवलं. आज ती ‘योक सॅक ट्यूमर’ म्हणून ओळखली जाते आणि तिच्यातली ती खूण ‘शिलर-द्युव्हाल बॉडी’ म्हणून. चूक करणाऱ्याचं नाव खुणेत राहिलं, कारण पाहिलं होतं त्यांनी बरोबरच.

गाठीला नाव मिळालं तरी मुली जातच होत्या. डिसजर्मिनोमा किरणोपचारानं विरघळायची, पण त्याच किरणांत दुसरं अंडाशयही जळून जायचं. योक सॅक ट्यूमरला तर तेवढाही उपाय नव्हता. ती ओटीपोटाच्या अस्तरावर पेरल्यासारखी पसरते, पोटात पाणी साठतं, लसिकाग्रंथींत शिरते, रक्तावाटे यकृत आणि फुफ्फुसं गाठते. डिसजर्मिनोमाची चाल तिच्या मानानं संथ, आणि ती बहुधा पाठीकडच्या, महारोहिणी या शरीरातल्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीलगतच्या लसिकाग्रंथींत आधी सापडते. १९७६ मध्ये कुर्मन आणि नॉरिस या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टांनी योक सॅक ट्यूमरच्या ७१ रुग्णांचा लेखाजोखा मांडला. मध्यक वय १९, आणि तीन वर्षांनी हयात राहण्याचं प्रमाण १३ टक्के. हे वाचताना माझं मन प्रत्येक वेळी त्या ७१ घरांकडे जातं.

औषधं तोवर वेगवेगळ्या दिशांनी येऊ लागली होती. पहिलं तर आपल्या अंगणातलं. सदाफुली मूळची मादागास्करची, पण आपल्याकडे तुळशीजवळ, कुंपणाशी, गच्चीवरच्या डब्यात कुठंही उगवते. मधुमेहावर तिचा पाला देतात अशी समजूत अनेक देशांत होती. कॅनडातले रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर तेच तपासत होते. उंदरांची साखर उतरली नाही. उतरल्या त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्यातून १९५८ च्या सुमाराला व्हिनब्लास्टिन मिळालं, मागोमाग व्हिन्क्रिस्टिन. (सकाळी सदाफुलीची पानं चावणारे आजही आपल्यात आहेत. ते विषारी द्रव्य शुद्ध करून, मोजून, शिरेतूनच द्यायचं असतं, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.) व्हिन्क्रिस्टिन, अ‍ॅक्टिनोमायसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड या त्रयीनं १९७० च्या दशकात काही मुली वाचल्या. आजार पसरलेला असला की मात्र ही त्रयी बहुधा अपुरी पडायची.

खरी कलाटणी दिली प्लॅटिनमनं. मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेच्या क्षेत्राचा परिणाम पाहत होते. विभागणाऱ्या पेशीचं चित्र त्यांना चुंबकाभोवतीच्या लोखंडाच्या किसासारखं वाटलं होतं, एवढंच निमित्त. वीज सुरू केल्यावर जिवाणू मेले नाहीत. विभागायचे थांबले आणि नुसतेच लांबत गेले, नेहमीच्या शेकडो पट लांब, शेवयांसारखे. वीज नव्हे, प्लॅटिनमच्या विद्युताग्रांतून (इलेक्ट्रोडमधून) सुटलेलं एक संयुग हे घडवत होतं. १९६५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. १९६९ पर्यंत त्याच संयुगानं उंदरांच्या गाठी विरघळल्याचं दिसलं. हे सिसप्लॅटिन. इटलीच्या मिकेले पेरोने यांनी ते १८४४ मध्येच बनवलं होतं, आणि तेव्हापासून ते रसायनशास्त्रात पडून होतं.

१९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी वृषणाचा कर्करोग सर्वत्र पसरलेल्या तरुणांना सिसप्लॅटिन, व्हिनब्लास्टिन आणि ब्लिओमायसिन एकत्र दिलं. छातीच्या एक्स-रेतले पांढरे गोळे काही आठवड्यांत नाहीसे झाले. १९७७ मध्ये त्यांचे आकडे आले, १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकेनं औषधाला मान्यता दिली. आणि इथं टायलम यांनी शेजारी ठेवलेली ती दोन चित्रं कामी आली. गाठ तीच असेल तर औषधही लागू पडेल, या हिशेबानं तीच पद्धत मुलींना देण्यात आली आणि ती लागू पडली. मुलींमध्ये हा आजार इतका विरळ की फक्त त्यांच्यासाठी एवढ्या चाचण्या उभ्या राहायला किती काळ गेला असता, कोण जाणे.

पुढे व्हिनब्लास्टिनच्या जागी इटोपोसाइड आलं. त्याचं मूळ पोडोफायलम या वनस्पतीत आहे. तिची एक जात हिमालयात होते, हिंदीत तिला वनककडी म्हणतात. ब्लिओमायसिन जपानच्या हामाओ उमेझावा यांनी १९६६ मध्ये मातीतल्या जिवाणूपासून मिळवलं. धातू, वनस्पती आणि माती यांतून जमलेली ही बीईपी (ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिसप्लॅटिन) पद्धत आजही जगभर चालते, परळच्या टाटा रुग्णालयातही. एकवीस दिवसांचं एक चक्र, अशी साधारण तीन किंवा चार. १९९४ मध्ये अमेरिकी अभ्यासगटानं ९३ जणींचा निकाल दिला. गाठ पूर्ण काढून मग बीईपी दिलेल्या या रुग्णांपैकी ९१ जणी या कर्करोगातून मुक्त होत्या. १३ टक्क्यांच्या लेखाजोख्याला तेव्हा अठराच वर्षं झाली होती.

त्रास अर्थात होतो. सुरुवातीच्या काळात सिसप्लॅटिनच्या उलट्या इतक्या भयंकर असत की तरुण मुलंही उपचार सोडायला निघत. मूत्रपिंडं जपायला सलाइन भरपूर द्यायचं हे १९७० च्या दशकात कळलं, उलटी आवरणारं ऑन्डान्सेट्रॉन १९९० च्या सुमाराला आलं. कानात सतत आवाज येणं, बोटं बधिर होणं आजही घडतं, आणि ब्लिओमायसिन फुफ्फुसांना इजा करू शकतं म्हणून खोकला आला किंवा दम लागला तर डॉक्टरांना लगेच सांगायचं असतं.

औषध हाती आल्यानं शस्त्रक्रियाही बदलली. पूर्वी सावधगिरी म्हणून दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय काढत. आता आजार पोटात पसरलेला असला तरी बहुधा गाठीचं एकच अंडाशय काढतात, उरलेलं काम केमो करते. बऱ्याच जणींची पाळी काही महिन्यांत परत सुरू होते, पुढे मुलंही होतात. म्हणून ऑपरेशनआधी एएफपी, एचसीजी आणि एलडीएच ही अशा गाठींमुळे रक्तात वाढणारी द्रव्यं तपासून घेणं फार महत्त्वाचं. गाठ कोणत्या जातीची असेल याचा अंदाज आधीच आला, तर सर्जन हात आखडता ठेवतो.

यातल्या एएफपीची कथा टायलम यांच्याशीच येऊन मिळते. मॉस्कोत गॅरी अबेलेव्ह यांनी १९६३ मध्ये यकृताची गाठ झालेल्या उंदरांच्या रक्तात हे गर्भावस्थेतलं प्रथिन पाहिलं. ते माणसाच्या गर्भात पीतकपिशवीही बनवते, हे नंतर समजलं. योक सॅक ट्यूमरच्या रुग्णांच्या रक्तात ते वाढलेलं निघालं, तेव्हा टायलम यांचं काचपट्टीवरचं निदान रक्तानंही खरं ठरवलं.

एक गोष्ट अजूनही डॉक्टरांना चकवते. अपक्व टेराटोमा या जननपेशींच्या गाठीच्या आणखी एका जातीत (तिच्यात निरनिराळ्या अवयवांच्या अर्धवट घडलेल्या ऊती असतात) केमोनंतर एएफपी उतरतं, तरी स्कॅनमध्ये पोटातली गाठ वाढतच जाते. आजार उलटला असं वाटतं. १९८२ मध्ये लोगोथेटिस आणि सहकाऱ्यांनी याला ‘ग्रोइंग टेराटोमा सिंड्रोम’ म्हटलं, तेही आधी पुरुषांमध्ये पाहून. कर्कपेशी मेलेल्या असतात, उरलेली पक्व ऊती वाढत असते. तिला केमो लागू पडत नाही, ती कापूनच काढावी लागते.

आता प्रश्न उलट दिशेनं विचारला जातोय. गाठ अंडाशयापुरतीच होती आणि पूर्ण निघाली, तर केमो द्यायलाच हवी का? मुलांच्या कर्करोगावर काम करणारे गट अशा मुलींना नुसतं नजरेखाली ठेवून पाहतायत. तेव्हा सगळी भिस्त त्या रक्तचाचणीवर असते. एएफपीची रक्तातली मात्रा साधारण पाच ते सात दिवसांत निम्मी व्हायला हवी. फाइलच्या आतल्या पानावर पेननं लिहिलेल्या तारखा, त्यांच्यापुढे आकडे, आणि दर वेळी रिपोर्ट हातात आला की आई आधी तोच रकाना बघते.