सवय 'लागली' तर हॅबिट, सवय 'झाली' तर यूज्ड टू

रोज सकाळी विरार लोकलला लोंबकळणारा माणूस म्हणतो, 'मला गर्दीची सवय आहे.' हेच इंग्रजीत सांगताना शब्दकोशातला पहिला शब्द उचलला की 'आय हॅव अ हॅबिट ऑफ क्राउड' होतं आणि समोरचा बुचकळ्यात पडतो. हॅबिट म्हणजे आपण पुन्हा पुन्हा, बहुतेकदा नकळत करतो ती गोष्ट: नखं कुरतडणं, बोलताना पेन टकटकवणं. गर्दी आपण करत नाही, सोसतो. तिथे हवं 'आय अ‍ॅम यूज्ड टू क्राउड्स'.

मराठीत 'सवय' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, पण फरक आपल्याला ठाऊक नसतो असं नाही. तो क्रियापदात असतो. नखं खायची सवय लागते, मेसच्या जेवणाची सवय होते. (मेसच्या जेवणाची सवय 'लागली' म्हणालात, तर घरी आई काळजीत पडेल.) लागली तर हॅबिट, झाली तर यूज्ड टू, ही खूण बऱ्याचदा कामाला येते. 'पहाटे उठायची सवय झालीय' इथे मात्र ती फसते. रोज आपसूक जाग येते, की पहाटेची पाळी आता जड जात नाही? पहिलं हॅबिट, दुसरं यूज्ड टू.

हॅबिटपुढे 'ऑफ' आणि 'इंग' लागतं: 'अ हॅबिट ऑफ बायटिंग नेल्स'. 'हॅबिट टू बाइट' ही आपली लाडकी चूक. 'आय अ‍ॅम यूज्ड टू वेकिंग अप अर्ली' इथेही 'इंग' आहेच. पण त्यातला 'अ‍ॅम' गळला आणि 'आय यूज्ड टू वेक अप अर्ली' झालं, की अर्थ पार उलटतो: पूर्वी लवकर उठायचो, आता नाही. मुलाखतीत ही चूक महागात पडते.

हॅबिटचं मूळ लॅटिन 'हाबेरे', म्हणजे जवळ असणं, बाळगणं. इंग्रजीत या शब्दाचा जुना अर्थ पोशाख. जोगिणींच्या, म्हणजे नन्सच्या झग्याला आजही हॅबिटच म्हणतात. अंगावरच्या कापडापासून हा शब्द असा अंगात मुरलेल्या खोडीपर्यंत आला. गंमत म्हणजे आपलं 'अंगवळणी पडणं' बहुतेकदा यूज्ड टूच्या बाजूला बसतं. थंडी अंगवळणी पडते. नखं कुरतडणं अंगवळणी पडलंय, असं सहसा कुणी म्हणत नाही.