केमोनंतरचा ताप आणि किडनीवरचा दुहेरी भार

केमोथेरपीनंतर आठवडा-दोन आठवड्यांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी बऱ्याचदा खूप कमी होतात. त्या दिवसांत आलेला ताप अंगावर काढायचा नसतो. अँटिबायोटिक ताबडतोब सुरू करावं लागतं. पण कोणतं, हे ठरवताना किडनीचा विचार आधी व्हायला हवा.

सिस्प्लॅटिनचंच बघा. १९७८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे प्लॅटिनमयुक्त औषध तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात आपल्याकडे आजही सर्रास दिलं जातं. आपली किडनी दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळते, तरी लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचं पाणी आणि क्षार तिच्यातल्या सूक्ष्म नलिका परत शोषून घेतात. सिस्प्लॅटिन याच नलिकांच्या पेशींत शिरून साठतं आणि त्यांना इजा करतं. जेंटामायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिक्सही तिथेच साठतात. दारं वेगळी, घर एकच. कानाच्या आतल्या नाजूक पेशींनाही या दोन्हींचा त्रास होतो, आणि तिथलं नुकसान बहुधा भरून येत नाही.

मेथोट्रेक्सेट या दुसऱ्या केमो औषधाची गोष्ट निराळी. पेनिसिलीन गटातली औषधं, अगदी नेहमीचं अमॉक्सिसिलिनसुद्धा, त्याची किडनीतून बाहेर पडण्याची वाट अडवतात. मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट मग रक्तात रेंगाळतं आणि शरीरभर विषारी ठरू शकतं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती एका समजुतीची: ‘लघवी व्यवस्थित होतेय, म्हणजे किडनी ठीक आहे.’ जेंटामायसिन-अमिकासिनमुळे होणाऱ्या इजेत लघवीचं प्रमाण बहुतेकदा कमी होतच नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ घटक, तेही उशिरा वाढतं; ते वाढलेलं दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. म्हणून ही तपासणी एकदा करून भागत नाही, ती पुन्हापुन्हा करावी लागते. सोबत मॅग्नेशियम आणि पोटॅशियमही बघावं लागतं.

अमिकासिन कधीच द्यायचं नाही, असं मात्र नाही. जंतू दुसऱ्या औषधांना दाद देत नसेल तर तेच जीव वाचवतं. तेव्हा डॉक्टर सलाइन, डोस आणि दिवस काटेकोर ठरवतात. म्हणून अँटिबायोटिक आपल्या मनाने बंदही करू नका. रात्री-अपरात्री जवळच्या दवाखान्यात जावं लागलं, तर केमोची फाईल सोबत न्या, आणि शेवटचा डोस कोणत्या औषधाचा होता आणि कधी झाला, हे विचारायची वाट न बघता सांगा.