स्वमग्नता-भाषा प्रयोगशाळेतील माणसे

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम असलेली मुले आणि मोठी माणसे भाषा कशी शिकतात, कशी समजून घेतात आणि कशासाठी वापरतात, याचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठातील छोट्या संशोधनगटाला स्वमग्नता-भाषा प्रयोगशाळा म्हणतात. हा गट मानसशास्त्र, भाषाविज्ञान किंवा वाचा-श्रवण विज्ञान यांपैकी कोणत्याही विभागात असू शकतो. खोलीत सतरंजी, खेळण्यांचा डबा, भिंतीवर उंच बसवलेले कॅमेरे असतात आणि शेजारच्या खोलीत हेडफोन लावून बसलेली माणसे. मुलाच्या तोंडून निघालेला एखादा शब्द शोधनिबंधातला आकडा होईपर्यंत या माणसांपैकी पाच-सहा जणांच्या हातून जातो आणि प्रत्येक जण त्याच्याबद्दल काहीतरी ठरवतो. त्यामुळे या क्षेत्रातले निष्कर्ष समजून घ्यायचे तर ती माणसे काय करतात हे आधी पाहावे लागते.

या कामाचा आरंभ कोणत्याही प्रयोगशाळेत झालेला नाही, तो एका वडिलांच्या पत्रात झाला. डॉनल्ड या मुलाच्या वडिलांनी त्याच्या वागण्या-बोलण्याची ३३ पानी टंकलिखित हकिकत अमेरिकेतील बॉल्टिमोरला पाठवली आणि १९३८ मध्ये तिथल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी त्या मुलाला तपासले. कॅनर यांचा ११ मुलांवरचा प्रसिद्ध निबंध १९४३ चा. त्यांतली तीन मुले बोलत नव्हती. उरलेल्या आठ जणांचे बोलणे त्यांनी बारकाईने टिपले. डॉनल्डला वडिलांनी सांगितले होते, ‘‘हो’ म्हणालास तर खांद्यावर घेईन.’ मग कित्येक महिने त्याच्या लेखी ‘हो’चा अर्थ एवढाच राहिला : मला खांद्यावर घ्या. ही गोष्ट घरच्या माणसाशिवाय कोणाला कळली असती? आजही प्रयोगशाळेच्या कर्मचारीयादीत आईवडिलांचे नाव नसते; काम मात्र तेच सर्वांत आधी सुरू करतात.

त्यांच्याशी पहिला संबंध येतो तो समन्वयकाचा, म्हणजे लॅब को-ऑर्डिनेटरचा. कुटुंबांना फोन करणे, तारखा जुळवणे, संमतिपत्रे समजावून सांगणे, नीतिशास्त्र समितीची कागदपत्रे वेळेवर नूतनीकरणाला पाठवणे, ही दिसणारी कामे. न दिसणारे काम जास्त कसबाचे. कोणत्या मुलाला ट्यूबलाइटची घरघर सहन होत नाही, कोणाला दार बंद झालेले चालत नाही, कोण टेबलापेक्षा जमिनीवर बसून जास्त बोलते, हे सगळे समन्वयकाच्या वहीत असते. अनेक ठिकाणी भेटीआधी खोलीचे आणि भेटणाऱ्या माणसांचे फोटो घरी पाठवतात, म्हणजे मुलाला त्या दिवशी सगळेच नवे वाटत नाही. मेंदूतील विद्युत्‌लहरी मोजायच्या असतील तर टोपी घालायचा सराव घरूनच करून घेतात. सही पालक करतात, पण मुलाची तयारी वेगळी पाहावी लागते. न बोलणारे मूल नकार शब्दांत देत नाही. ते पाठ फिरवते, दाराशी जाऊन उभे राहते, आईचा हात ओढते. तो नकारच समजायचा आणि कॅमेरा बंद करायचा, मग आधीच्या दोन आठवड्यांची तयारी फुकट गेली तरी.

खोलीत मुलाशी खेळणारी व्यक्ती म्हणजे परीक्षक, बहुधा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ. कॅथरीन लॉर्ड, मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलेली एडॉस ही स्वमग्नता ओळखण्याची निरीक्षणपद्धत जगभर वापरली जाते. तिची दुसरी आवृत्ती २०१२ ची. बाहेरून पाहणाऱ्याला तो ४० ते ६० मिनिटांचा खेळ वाटतो. साबणाचे फुगे उडतात, मूल हसते, आणि परीक्षक अचानक थांबतो. फुगे उडवायची नळी हातात धरून नुसता गप्प बसतो. मूल आता काय करते? त्याच्याकडे बघते, नळीकडे बोट दाखवते, ‘अजून’ म्हणते, की त्याचाच हात धरून नळीकडे नेते? गुण या थांब्यातल्या उत्तराला असतात. नवशिक्या परीक्षकाला हाच थांबा सर्वांत जड जातो, कारण मूल ताटकळलेले पाहून मोठ्यांच्या तोंडून आपोआप ‘हवंय का तुला?’ निघून जाते आणि मोजण्यासारखे काही उरत नाही. संशोधनासाठी ही पद्धत वापरायची तर नुसते प्रशिक्षण पुरत नाही. परीक्षकाने दिलेले गुण प्रमाणित गुणांशी किमान ८० टक्के जुळावे लागतात.

येथे एक ओढाताणही असते. उपचारतज्ज्ञाचा हात मदतीला सरावलेला असतो; संशोधनाच्या तासात त्याला मदत आवरून धरावी लागते. पालक विचारतात, ‘मग आता काय करू आम्ही?’ संशोधन म्हणजे उपचार नव्हे, हे संमतिपत्रात लिहिलेले असले तरी त्या प्रश्नाला संमतिपत्राने उत्तर देता येत नाही. चांगल्या प्रयोगशाळा चाचण्यांचा निकाल सोप्या शब्दांत लिहून पालकांना देतात आणि पुढे कोणाकडे जावे तेही सांगतात.

भेट संपली की तिचे चित्र-ध्वनिमुद्रण शब्दांकनाकडे येते, म्हणजे ऐकू आलेले शब्दशः लिहून काढायला. हे काम बहुतेक पदवीचे विद्यार्थी करतात, कोणी श्रेयांकासाठी, कोणी अनुभवासाठी. सामान्य संभाषणाच्या एका तासाला अनेक तास लागतात आणि अस्पष्ट उच्चारांच्या मुलासाठी त्याहून जास्त. लिहिण्याचे संकेत ठरलेले आहेत. ब्रायन मॅकविनी आणि कॅथरीन स्नो यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या चाइल्ड्स या बालभाषा-संग्रहाची ‘चॅट’ ही पद्धत बरीच रूढ आहे : बोलणाऱ्याची ओळ तारांकनाने सुरू करायची, न कळलेल्या शब्दाच्या जागी तीनदा एक्स लिहायचे, आणि काहीही झाले तरी मुलाचे वाक्य सुधारायचे नाही.

शेवटचा नियम वाटतो तितका सोपा नाही. समजा, मुलगी गाड्या ओळीने लावते आहे. परीक्षक विचारते, ‘तुला आणखी एक गाडी हवी का?’ मुलगी खिडकीकडे बघत तेच म्हणते : ‘तुला आणखी एक गाडी हवी का?’ शब्दांकन करणाऱ्याने ‘तुला’च लिहायचे, ‘मला’ म्हणायचे असेल हा तर्क त्या ओळीत नको. नुसता आवाज ऐकला तर हा पुनरुच्चार, म्हणजे एकोलालिया, एवढेच दिसते. चित्रफीत लावून पाहिली की त्याच क्षणी तिचा डावा तळहात पुढे आलेला दिसतो. मग ते ‘हो, हवी’ झाले की नाही? थोड्या वेळाने ती ‘बूट घाल, बूट घाल’ म्हणू लागते, बूट तर पायातच आहेत. बाहेर बसलेल्या आईला विचारले तर ती सांगते, घरून निघताना मी रोज हेच म्हणते. म्हणजे मुलीला आता जायचे आहे. ही माहिती समन्वयकाने टिपून फाइलला जोडली तर त्या वाक्याला अर्थ येतो, नाहीतर ते ‘असंबद्ध’ या रकान्यात जाऊन पडते.

पुनरुच्चार म्हणजे निरर्थक पोपटपंची, असे दीर्घकाळ मानले जाई आणि तो मोडून काढायच्या मागे उपचार असत. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी चार मुलांचे हजाराहून अधिक पुनरुच्चार व्हिडिओवर पुन्हा पुन्हा पाहून १९८१ मध्ये त्यांचे सात प्रकार मांडले. त्यांत होकार देणे होते, मागणे होते, संवादात आपली पाळी घेणे होते, स्वतःला सावरणेही होते. नवे यंत्र त्यासाठी लागले नाही. मुलाचे हात, नजर आणि आवाज एकत्र पाहायला बसलेली माणसे लागली.

शब्दांकनानंतर वर्गीकरण, ज्याला सगळे कोडिंगच म्हणतात. एकच मुद्रण दोघे जण एकमेकांचे न पाहता तपासतात आणि त्यांची सहमती जेकब कोहेन यांच्या १९६० च्या कप्पा गुणांकाने मोजतात. मूल स्वमग्न गटातले की दुसऱ्या, हे तपासणाऱ्याला शक्यतो सांगत नाहीत. रॉबर्टा गोलिंकॉफ आणि कॅथी हर्श-पासेक यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या नजरेच्या चाचणीत तर तपासताना मुद्रणाचा आवाजही बंद ठेवतात. मुलासमोर दोन चित्रफिती असतात, मधून एक वाक्य ऐकू येते, आणि मूल कोणत्या बाजूला किती वेळ पाहते हे क्षणाक्षणाने मोजायचे असते. बरोबर बाजू कोणती हे मोजणाऱ्याला ठाऊक नसते. ही चाचणी फार मोलाची, कारण तीत मुलाला बोलावे लागत नाही, बोट दाखवावे लागत नाही, सूचना पाळावी लागत नाही. कनेटिकट विद्यापीठात लेटिशिया नेगल्स यांच्या गटाने तीच वापरून २००७ मध्ये दाखवले की स्वतः फार थोडे बोलणाऱ्या लहान स्वमग्न मुलांनाही कोणी कोणाला ढकलले हे वाक्यातल्या शब्दक्रमावरून कळते. बोलत नाही म्हणजे समजत नाही, हा समज त्यामुळे खिळखिळा झाला.

पीएच.डी.चे विद्यार्थी आणि पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचे संशोधक, यांच्या वाट्याला प्रश्न ठरवणे आणि आकडे हाताळणे येते. त्यांची खरी डोकेदुखी म्हणजे तुलना कोणाशी करायची. सहा वर्षांच्या स्वमग्न मुलाची भाषा तीन वर्षांच्या मुलासारखी असेल तर जोडीला सहा वर्षांचे मूल घ्यावे की तीन वर्षांचे? पहिल्यात फरक दिसणारच, दुसऱ्यात तीन वर्षांचे जगणे जास्तीचे येते. हा तिढा सुटत नाही, फक्त उघडपणे लिहावा लागतो. संख्याशास्त्रज्ञ आणखी एक आठवण करून देतो : या मुलांत इतकी विविधता असते की सरासरीचे मूल प्रत्यक्षात कुठेच नसते. २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेने भाषाविलंब निदानाच्या निकषांतून काढला आणि भाषेतील अडचण आहे की नाही हे वेगळे नोंदवायला सांगितले, ते यामुळेच. ज्यांच्याकडे जेमतेम काही शब्द आहेत अशी मुले एकूण स्वमग्न मुलांच्या सुमारे ३० टक्के, असा हेलन टेगर-फ्लुसबर्ग आणि कॉनी कसारी यांचा त्याच वर्षीचा अंदाज आहे. चाचण्यांना बसत नाहीत म्हणून नेमकी हीच मुले बहुतेक अभ्यासांतून गळतात.

प्रमुख संशोधक प्राध्यापक असतो. अनुदानाचे अर्ज, निबंधांची दुरुस्ती, परिषदा, विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन यांत त्याचा दिवस जातो. पद जितके वरचे तितका मुलांचा सहवास कमी, असा प्रकार येथे सर्रास दिसतो. बारीकसारीक सवयी शब्दांकनाला बसलेल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला माहीत असतात आणि अर्थ लावायचा अधिकार वर असतो. साप्ताहिक बैठकीत सर्वांनी मिळून मुद्रण पाहण्याची पद्धत हे अंतर थोडे कमी करते. ज्या प्रयोगशाळेत ती बंद पडली, तिचे निष्कर्ष जरा जपून वाचावेत.

अलीकडे गटात स्वतः स्वमग्न असलेले संशोधक आणि सल्लागारही असतात. स्वमग्न समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये ‘दुहेरी सहानुभूती’चा प्रश्न मांडला : संवाद फसतो तेव्हा न समजणे दोन्ही बाजूंचे असते, मग दोष एकाच बाजूच्या खाती का? त्यानंतर काही प्रयोगशाळांत मुलाच्या उत्तराबरोबर परीक्षकाचे वागणेही तपासले जाऊ लागले. मात्र दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा धोका या क्षेत्राने अनुभवला आहे. हाताला आधार देऊन टंकलेखन करवण्याची ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ पद्धत गाजली, तेव्हा १९९० च्या दशकातील चाचण्यांत मुलाला आणि साहाय्यकाला वेगवेगळी चित्रे दाखवली गेली. टंकलिखित उत्तर साहाय्यकाने पाहिलेल्या चित्राचे निघाले. साहाय्यक खोटारडे नव्हते; आपण लिहितो आहोत हे त्यांनाही कळत नव्हते.

विद्यार्थी एक-दोन सत्रांत निघून जातात, समन्वयक बदलतात, अनुदान संपते. मुद्रणे मात्र नाव काढून, क्रमांक देऊन, कुलूपबंद सर्व्हरवर राहतात. नव्या साहाय्यकाला पहिल्या आठवड्यात सरावाला त्यांतलेच एखादे जुने देतात. हेडफोनमध्ये चार वर्षांची मुलगी ‘बूट घाल’ म्हणत असते. ती आता कदाचित ऐकणाऱ्याच्याच वयाची असेल.